आठशे टक्क्यांच्या पुढे

३ फेब्रुवारी, सोमवार

ऐंशी बाय वीस! कपिलभाऊंनी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि तिथूनच ओरडले, "राखी, ऐंशी बाय वीसचं काम आलं बाप्पा!" जसं काही मी आजवर पोस्टाची तिकिटंच करत होते.

राजकुमारभाऊंच्या मंडळाचं सामूहिक लग्न आहे. सोळा तारखेला, मोठ्या मैदानावर. एक्कावन्न जोडपी. स्टेजच्या मागे एकच सलग फ्लेक्स — वर नेतेमंडळी, मधोमध राजकुमारभाऊ स्वतः, खाली सगळे नवरदेव-नवऱ्या नावानिशी. आर्णीत एवढं मोठं आजवर कोणी लावलं नाही म्हणे. लावायची गरजही कोणाला पडली नसेल!

आमचं सॉफ्टवेअर म्हणजे म्हातारं माणूस. मराठीचे जुने फॉन्ट त्याच्यातच नीट चालतात म्हणून कपिलभाऊ ते सोडत नाहीत. एवढं मोठं पान त्यात मावत नाही. मग फुटाला अर्धा इंच धरायचा आणि छापताना मशीनवर वाढवायचं. ते जमतं. पण झूमचं काय करायचं? पूर्ण पान स्क्रीनवर घेतलं की माणसांची डोकी तिळाएवढी. वाढवत गेलं की आठशे टक्क्यांवर गाडी थांबते, पुढे जातच नाही, कितीही माऊस रगडा. आणि आठशेवर एकच चेहरा दिसतो. शेजारी कोण आहे ते दिसत नाही. सगळं पाहिजे तर बारीक, मोठं पाहिजे तर तुकडा. एवढी वर्षं झाली तरी प्रत्येक मोठ्या कामाला माझा जीव इथेच अडकतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

फोटोंचं पाकीट आलं. पाकीट कसलं, पोतं! काही स्टुडिओतले, काही मोबाईलवरून काढलेले, एक तर बैलजोडीसोबतचा — त्यातून नवरदेव कापून काढला, बैल ठेवले बाजूला.

आमच्या कॉम्प्युटरवर 'धडं' नावाचं फोल्डर आहे. त्यात नुसते कोट-टाय आणि नुसत्या साड्या. मुंडकं गिऱ्हाइकाचं, धड आमचं. सगळ्या नवरदेवांना कोट पाहिजे असा राजकुमारभाऊंचा हुकूम आहे, म्हणून आज दिवसभर मी शिंपीणच झाले होते. नवऱ्या बहुतेक साडीतच आहेत. एक तेवढी शाळेच्या ड्रेसमध्ये होती. त्यात नवल काही नाही, खेड्यातल्या पोरीचा सुटा फोटो म्हटलं की शाळेचाच सापडतो, दोन-चार वर्षांपूर्वीचा. मागे नाव लिहिलेलं — खुशी. गोड चेहरा. डोळे सरळ कॅमेऱ्यात.

ड्रेस आकाशी होता म्हणून मुद्दाम आकाशी साडी निवडली, म्हणजे गळ्याशी रंग फुटत नाही. केसांची कड मऊ केली, खांद्यावर पदर, कपाळाला टिकली. कोणी आईबापसुद्धा ओळखणार नाही की ही साडी नेसलीच नव्हती. आजचं सगळ्यात सफाईचं काम. खूश होऊन दोन चहा प्यायले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कच्चं डिझाईन मोबाईलवर पाठवलं, मंडळाच्या ग्रुपवर. सगळ्या घरांत पोचलं. राजकुमारभाऊंचा लगेच फोन — "ताई, बाकी कडक हाये, पन माह्यावाला फोटो बारीक काहून दिसते?" त्यांचा फोटो बारा फुटांचा आहे!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

त्या खुशीचे वडील आले होते. घनश्याम नाव. नदीपलीकडच्या गावचे, कापूस-तूर करणारे. बाहेर चपला काढून आत आले — फ्लेक्सच्या दुकानात कोण चपला काढतं! मला अगदी कसंसंच झालं. डोक्यावरचा रुमाल काढून हातात धरला आणि म्हणाले, "ताई, पोट्टीचा फोटो पाहाचा होता. मोबाईलात नीट नाही दिसत."

मी मोठा करून दाखवला. खूप वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "साडी तर हिरवी होती ना? तुमी रंग बदलला काय?"

मी हसले. म्हटलं, काका, कॉम्प्युटर आहे, हिरव्याचं निळं व्हायला काय वेळ लागतो. तेही हसले. "असन. पाकीट तिनंच भरलं, म्या काही उघडून पाह्यलं नाही." मग जरा लाजत — "गळ्यात सोन्याची पोत दाखवता येईन का? आन् जराशी गोरी करजा."

पोत दाखवते म्हटलं. गोरी नाही करणार, आहे तशीच छान आहे म्हटलं. मान हलवून गेले. भला माणूस वाटला.

८ फेब्रुवारी, शनिवार

काय लिहू. पण लिहिलं नाही तर डोक्यातच फिरत राहील.

पोत घालायला खुशीचा फोटो आठशेवर नेला. गळ्याशी, साडीच्या काठाला लागून, एक पिवळी रेघ. केसाएवढी. माझ्या सफाईतून सुटलेली! ती पुसायला मूळ फोटो वेगळा उघडला आणि वाढवत गेले. चौकोनच चौकोन. पिवळी रेघ म्हणजे गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी निघाली. आणि खिशावर बिल्ला. दुसऱ्या कोणाला ते नुसते रंगीत चौकोन दिसले असते. मला नाही. तो बिल्ला मीच काढलाय. उमललेलं कापसाचं बोंड आणि त्यावर उघडं पुस्तक. मुख्याध्यापक सरांनी बोंड तीनदा बदलायला लावलं होतं — "ताई, हे बोंड नाही, लाडू वाटते!"

ते गेल्या जूनमध्ये. नवा बिल्ला याच शैक्षणिक वर्षी आला. पट्ट्यांचे रंगही याच वर्षी ठरले आणि इथेच छापले — नववीला हिरवी, दहावीला पिवळी.

म्हणजे फोटो जुना नाही. म्हणजे पोरगी आत्ता दहावीत आहे. पंधराची असेल, नाहीतर सोळाची. पुढच्या आठवड्यात तिचं लग्न आणि त्याच्या मागोमाग बोर्डाची परीक्षा. आणि मी तिला साडी नेसवून ठेवली आहे.

पोत घातली नाही. फाईल बंद करून घरी आले.

९ फेब्रुवारी, रविवार

आमच्या बंजारा तांड्यावर सुट्टीचा दिवस कधी शांत नसतो, पण आज मलाच काही ऐकू येत नव्हतं. याडी — माझी आई — तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिला सगळं सांगितलं. ती माझ्याकडे न पाहता सोलत राहिली, मग आमच्या बोलीत म्हणाली की तिचं लग्न झालं तेव्हा तिला वाटलं होतं मेळ्याला नेत आहेत, म्हणून ती उड्या मारत गाडीत बसली.

एवढंच. हसतही नव्हती, रडतही नव्हती. एकोणतीस वर्षं मी या बाईजवळ राहते आणि हे मला आज कळलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

कपिलभाऊंना सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"राखी, आपन छापनारे. नाव चुकलं तर आपली जबाबदारी, रंग गेला तर आपली जबाबदारी. कोनाचं वय पाहाचं काम आपलं हाये का?"

मी म्हटलं, भाऊ, पोरगी दहावीत आहे. बिल्ला मी काढलाय.

"तू कायले त्याच्यात घुसून राह्यली? राजकुमारभाऊचं काम गेलं तर दुकानात माशा मारत बसा लागन. तुले जमत नसन तर सांग, मी यवतमाळवरून मानूस बोलावतो."

कपिलभाऊ वाईट माणूस नाही. घाबरट आहे. पण घाबरटाने केलेलं आणि वाईटाने केलेलं त्या पोरीला सारखंच पडणार आहे ना!

दुपारी घनश्यामकाका पुन्हा आले, पोत पाहायला. मी विचारूनच टाकलं — काका, खुशी कितवीत आहे? त्यांचा चेहरा मिटला. रुमालाची घडी घालत राहिले.

"माय नाही ना तिले, ताई. दोन वर्सं झाले. मी दिवसभर वावरात. घरी एकटी पोट्टी, कोन येते, कोन जाते... पोरगा चांगला हाये, चार एकर ओलीत हाये. शाळा शिकवतो म्हन्तात ते."

म्हटलं, काका, थोडं थांबा ना. दोन-तीन वर्षं.

"थांबलो अन् काही झालं तं? तुमी याल काय तिच्यावर ध्यान ठेवाले?"

बाहेर जाऊन चपला घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बालविवाह थांबवणाऱ्या हेल्पलाईनला फोन लावला. बाईचा आवाज चांगला होता. "आपलं नाव सांगता का?" म्हणाली आणि मी कट केला. भित्री! कपिलभाऊंना नावं ठेवणारी मी!

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळीच पुन्हा लावला. यावेळी सगळं सांगितलं — मुलीचं नाव, वडिलांचं, गाव, लग्नाची तारीख. माझं नाव कोणाला कळणार नाही म्हणाली. "आमच्या मॅडम आजच जातील." फोन ठेवल्यावर एकदम मोकळं वाटलं. संध्याकाळी खुशीचा फोटो सोडून बाकी सगळी मांडणी पूर्ण केली. उगाच वाटलं, आता तो लागणारच नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

राजकुमारभाऊ आले तेच तणतणत.

"कोनं तरी चुगली केली, कपिल! काल मॅडम गेलत्या घनश्यामच्या घरी." मी स्क्रीनवरून मान वळवली नाही. "पन आपल्याले हापिसातून आधीच निरोप भेटलता. पोट्टीले लगेच वणीले मावशीकडे पाठवून देली. आता डायरेक्ट मांडवातच येईन."

कपिलभाऊंनी विचारलं, मॅडम गप्प बसल्या का?

"वय दाखवा म्हने. मी म्हटलं पाहा —" आणि मोबाईल काढून आमच्यासमोर धरला. माझंच डिझाईन. वाढवलेलं, फुटलेलं, पण दिसत होतं — आकाशी साडी, पदर, टिकली. "म्हटलं, वीस-बावीसची बाई हाये, दिसत नाही काय? मंग जरा नरमल्या. रविवारी येतो म्हने. येऊ दे ना! एक्कावन्न नवऱ्या, सगळ्याईच्या तोंडावर पदर. कोन कोनाले ओळखते?" आणि माझ्याकडे वळून, "ताई, तुमचं काम एकदम कडक. पुरं वयच वाढवून देलं!"

कपिलभाऊ हसले. मीसुद्धा हसले! तोंडाने हसले आणि संडासात जाऊन उभी राहिले बराच वेळ.

माझ्या साडीने ती मोठी झाली. मॅडमना फसवलं ते राजकुमारभाऊंनी नाही, माझ्या हाताने. नोकरी जाईल, आर्णीत दुसरं कोणी उभं करणार नाही, तांड्यावर बोलतील — सगळं खरं आहे. मला खूप भीती वाटते आहे. आणि भीतीपेक्षा राग जास्त येतो आहे. असा राग मला आजवर आला नव्हता.

एक सुचलं आहे. लिहीत नाही. उद्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

केलं.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या साडीवाला फोटो काढला आणि मूळ फोटो लावला. जसा पाकिटातून आला तसा. कॉलर, पिवळी पट्टी, खिशावरचा बिल्ला. पूर्ण पान स्क्रीनवर घेतलं — काही फरक नाही! आकाशीच्या जागी आकाशी. तिळाएवढं डोकं, त्याखाली तांदळाएवढा निळा ठिपका. पण मैदानावर ती दोन फूट रुंद होणार आहे आणि बिल्ला तळहाताएवढा.

मनाला एकच सांगत होते — मी खोटं काही करत नाही. खोटं होतं ते काढलं. दिला तोच फोटो लावला.

एक गोष्ट मात्र खात होती. आणि अजून खाते आहे. सगळ्या गावासमोर ती शाळेच्या ड्रेसमध्ये नवरी म्हणून दिसणार. पोरीला काय वाटेल? तिला मी कुठे विचारलंय? तिला कोणीच काही विचारलेलं नाही, त्यात मी अजून एक.

अकराला राजकुमारभाऊ शेवटचं पाहायला आले. खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसले.

"सगळं एकदम मोठं करून दाखव."

म्हटलं, भाऊ, सगळं पाहिजे तर बारीक दिसेल. मोठं पाहिजे तर एकेक तुकडा पाहावा लागेल.

"असं कसं? एवढा महागाचा कॉम्प्युटर!"

म्हटलं, आठशेच्या पुढे जात नाही.

"मंग एकेक दाखव."

वरून सुरू केलं. नेतेमंडळी. मग ते स्वतः. स्वतःच्या मिशीपाशी बराच वेळ थांबले, डावी बाजू पातळ दिसते म्हणाले. भरली. मग खाली. पहिली ओळ — एकेक नवरदेव, एकेक नवरी. दुसरी ओळ. खुशी त्या ओळीत पाचव्या जोडीत. माझं बोट माऊसवर. दुसरी जोडी. तिसरी. मनात म्हणत होते, वीज जा, फोन वाज, काहीतरी हो! काहीच झालं नाही. चौथी जोडी आली. चौथा नवरदेव त्यांच्या भाच्याचा मित्र निघाला.

"याले टाय कोनता घातला? लाल लावा."

लाल टाय. आठशेवरच. टाय झाला तेव्हा ते मोबाईलमध्ये घुसले होते. मी पूर्ण पान स्क्रीनवर आणलं आणि म्हटलं, "पाहा भाऊ, आता कसं वाटतं?"

त्यांनी मान वर केली. तिळांकडे पाहिलं. "मस्त! मार प्रिंट."

दुपारी मशीनवर. आमचे मशीनवाले उकंडाकाका. फ्लेक्स पट्ट्यापट्ट्यांनी छापतात आणि मग तापवून जोडतात. दुसऱ्या ओळीची पट्टी निघाली तेव्हा मी मुद्दाम तिथे थांबले नाही, पण काचेतून दिसत होतं. ती हळूहळू बाहेर आली — आधी केस, मग डोळे, मग कॉलर. उकंडाकाका वाकले. चष्मा कपाळावर नेला. पट्टीकडे पाहिलं, मग काचेतून माझ्याकडे. मी पाहत राहिले. त्यांची नात त्याच शाळेत आहे.

काकांनी पट्टी छापलेली बाजू आत करून गुंडाळली. कपिलभाऊंनी विचारलं, "रंग कसा आला?" तर म्हणाले, "बराबर आला."

१५ फेब्रुवारी, शनिवार

माल मैदानावर गेला. जेवण गेलं नाही. याडीने माझ्या ताटातली भाकरी उचलून पुन्हा टोपलीत ठेवली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी मी गर्दीत, बायकांच्या मागे उभी होते. कपिलभाऊंना ताप आहे म्हणून सांगितलं होतं.

पहाटेच फ्लेक्स बांधून झालं होतं. बांधणाऱ्यांना जवळून काय दिसणार — निळा पट्टा, पिवळा पट्टा. मी पोचले तेव्हा उन्हात ते पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. पूर्ण आणि मोठं, दोन्ही एकदम! दुकानातल्या स्क्रीनवर हे कधीच दिसलं नसतं. एक्कावन्न नवऱ्या आणि त्यात एक शाळकरी पोर, बिल्ल्यासकट, सरळ समोर पाहणारी.

बराच वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही. लोक आपापली माणसं शोधत होते. मग स्वागतगीताला शाळेच्या मुली स्टेजवर आल्या. मला माहीत नव्हतं की याच शाळेच्या मुली येणार आहेत, खरंच नव्हतं! तोच आकाशी ड्रेस, तीच कॉलर, तोच बिल्ला. त्या ओळीने खुशीच्या फोटोखाली उभ्या राहिल्या. पेटी सुरू झाली आणि एक बारकी मुलगी वर बघून गाणंच विसरली.

"खुशीताई!"

माईकवरच ओरडली. सगळं मैदान तिच्या बोटाकडे वळलं. मग कुजबुज. ती कशी पसरते ते मी आज पाहिलं — पुढून मागे, बायकांकडून माणसांकडे. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "अवं, हे तं लेकरू हाये." राजकुमारभाऊंनी खालूनच हात केला आणि मंडपवाल्याने घाईने झेंडूच्या माळा आणून त्या जागेवर सोडल्या. ऐंशी फुटांत तेवढ्याच जागी माळा! ज्याला माहीत नव्हतं त्यालाही कळलं कुठे पाहायचं ते.

तेवढ्यात जीप आली. दोन मॅडम, एक पोलीस. राजकुमारभाऊ कागद घेऊन पुढे धावले, सगळं बरोबर आहे म्हणत. मॅडमनी कागद घेतलेच नाहीत, त्या फ्लेक्सवरच्या माळांकडे पाहत होत्या. त्या सरळ प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीपाशी गेल्या. तिथे मुख्याध्यापक सर बसले होते, फ्लेक्सकडे पाठ करून, गळ्यात हार. मॅडम म्हणाल्या, "सर, मागे वळून पाहा. ही तुमची विद्यार्थिनी आहे का?"

सर उठले. वळले. माळांच्या फटीतून एक डोळा आणि बिल्ला दिसत होता. माईक चालूच होता, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

"आमचीच. दहावी ब. परवा तिचं हॉल तिकीट न्यायला कोनी आलं नाही."

मग पदर वर करायला लावले. तिसऱ्या रांगेत ती सापडली. हिरवी साडी, मुंडावळ्या, हातात नारळ. रडत नव्हती. मॅडमनी हात धरला तशी उठली आणि चालू लागली, नारळ हातात तसाच. घनश्यामकाका मधे आले, हात जोडून, मग एकदम खाली मातीत बसले. ती त्यांच्यापाशी थांबली. नारळ त्यांच्या शेजारी ठेवला आणि मग जीपकडे गेली.

बाकी पन्नास लग्नं लागली. मला बँड ऐकवेना. पायीच घरी आले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कपिलभाऊ दारातच उभे होते. "फोटो तू बदलला ना?"

म्हटलं, दिला तोच लावला, भाऊ.

"काही दिवस येऊ नको." ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. माझा डबा, चष्मा आणि देवाचा फोटो घेऊन निघाले. मशीनपाशी उकंडाकाका उठून उभे राहिले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

खुशी मामाकडे राहून परीक्षा देते आहे. मॅडमनी फोन करून सांगितलं. रडले. मग ताटभर जेवले. नोकरी गेली तर गेली, एक पोर तर वाचवली मी. असं मनात आलं आणि बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

३ मार्च, सोमवार

कपिलभाऊंचा फोन. यवतमाळचा माणूस जुन्या फॉन्टपुढे टेकला म्हणे. "येजा उद्यापासून." मागचं काही काढलं नाही. मीही नाही.

६ मार्च, गुरुवार

आज पेपर सुटल्यावर खुशी दुकानात आली. शाळेच्या ड्रेसमध्ये, बोटांना शाई. उकंडाकाकांच्या नातीकडून कळलं म्हणाली. मला वाटलं, आभार मानायला आली.

"ताई, सुरवातीले साडी तुमीच नेसवलती का?"

हो म्हटलं.

"घरी हिरव्या साडीतला फोटो होता. बाबानं तोच टाकाले सांगतलता. मी शाळेचा टाकला. म्हटलं, छापनारं कोनी तरी पाहीन, इचारन." "मंग मोबाईलात डिझाईन आलं. मी साडीत. त्या दिवशी मी पुस्तकं माळ्यावर टाकून देली."

ती पुढच्या पेपरचं सांगत होती, मग गेली.

आत्ता चार फेब्रुवारीचं पान काढून पाहिलं. मीच लिहिलंय. "आजचं सगळ्यात सफाईचं काम."